इथे म्हणजे कुठे?

हे ऐकून तुम्ही मला वेड्यात काढणार, खुशाल काढा!

एका ग्रंथालयात एक फटाकडी ग्रंथपाल होती. हवं ते पुस्तक कसं शोधावं, हे ती दर शनिवारी लोकांना शिकवायची. एकदा वर्गात एक वाद्यं दुरुस्त करणारा तरुण येऊन बसला. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. आणि ही संगणकाच्या पडद्याकडे बोट करून सांगतेय, "आधी इथे दाबा, मग तिथे बघा..."

"बाई, इथे म्हणजे कुठे?"

वर्ग खो खो हसला. तिनं मात्र बोट झटकन खाली घेतलं.

"राहू दे," तो काठी घेऊन उठला. "भाऊ देईल शोधून. पुन्हा नाही त्रास देणार."

तो जिना उतरला – आणि तिच्या जिवाला घोर लागला. हा आता आलाच नाही तर?

दुसऱ्या दिवशी ती थेट त्याच्या दुकानात. "एक शनिवार द्या. नाही जमलं तर हवी तेवढी नावं ठेवा."

"आवाजावरून तर वाटतं... जमेल," तो तारेला पीळ देत म्हणाला.

आठवडाभर तिनं बोटांना कळतील असे पुठ्ठ्याचे आकडे कापून कपाटांच्या फळ्यांना आणि पुस्तकांच्या पाठींना चिकटवले. शनिवारी पडदा बंद.

"सांगा, काय शोधायचंय?"

"आवाज."

"विषय फार मोठा झाला. जरा आवळा."

"घंटेचा आवाज."

"अजून."

"घंटा ओततानाच तो तिच्यात कसा येतो, ते."

"आता सापडेल!"

"अगं बाई," मागच्या बाकावरच्या आजी म्हणाल्या, "मलाही आत्ता कुठे उमगलं!"

संगणकानं पुस्तकाचा आकडा बोलून दाखवला. तो कपाटांकडे निघाला, मध्येच थबकला.

"सापडलं तर वाचून कोण दाखवणार?"

"यंत्र आहे की."

"यंत्र नको. बाईमाणूस हवं."

"विषय मोठा आहे," ती हळूच म्हणाली.

"फटाकडी."

"अजून आवळा..."

"...तुम्ही."

"आधी शोधा तर!" तिचे कान लाल झाले.

त्याची बोटं फळीवरून चालू लागली. कुणी खोकलंसुद्धा नाही. भिंतीवरचं घड्याळ थांबलं, उन्हातली धूळ हवेतच उभी राहिली, कपाटं वाकून बघू लागली, आणि ते पुस्तक आपणहून बाहेर सरकून त्याच्या तळहातावर –

"साफ थाप!" माझी गोष्ट मध्येच तोडत दारातून आवाज आला. नवऱ्याच्या कोपराला धरून तीच ग्रंथपाल उभी होती, केस आता पांढरेशुभ्र. "पुस्तक तसूभर हललं नव्हतं. यांनी शोधलं ते. आणि शिकवलं कुणी? मी!"