लोखंडाला पाणी

वरून पक्कड पडली ती थेट माझ्या मेथीच्या टोपल्यात. वीतभर अलीकडे पडली असती तर माझ्या डोक्यात पडली असती.

मी मान वर केली. कारंज्याच्या भाजीबाजारातल्या खांबावर एक तारवाला दोराला लटकून खाली बघत होता. मोठी लढाई नुकतीच संपली होती, गावात बिजली तशी नवी होती, आणि खांबावर माणूस दिसला की अर्धा बाजार तोंड वर करून उभा राहायचा. मी मात्र पक्कड उचलली आणि मेथीच्या जुड्यांखाली सारली.

"बाई, पक्कड देता का?" वरून आवाज आला.

"खाली येऊन घ्या."

"खाली आलो तर पुन्हा चढा लागते."

"मंग चढा. माह्या टोपल्यात जे पडते ते माहं असते."

तो हसला... आणि खरोखरच उतरला. उंच, सावळा, कपाळावर घामानं चिकटलेले केस. नाव विचारलं तर म्हणाला, उकंडराव. मला हसू आवरेना.

"हसा," तो म्हणाला. "माह्या आधीची भावंडं जगली नाही. म्हून मायनं मले उकंड्यावर ठेवलं अन् परत उचललं. जगलो."

"खताचा गुण हाय मंग," मी म्हटलं.

आता तो हसला. त्याचं हसणं मला जरा जास्तच आवडलं, म्हणून मी चेहरा कडक केला. "पक्कड पाह्यजे असन तर एक काम हाय. खोलीवर या. मी मनकर्णा, पुंजाजी माळ्याची पोरगी. सोजरबाईच्या घरी भाड्यानं राह्यतो आमी."

त्या हिवाळ्यात माझा पाय कुठेच ठरत नव्हता. मळ्यात असले की खोली आठवायची, खोलीत असले की मळा. मानोऱ्याहून माणसं येऊन मला पाहून गेली होती. मुलगा वाईट नव्हता. पण घर कोरडवाहू, विहीर नाही, आणि चार महिने पिकाचे सोडले तर बाकी वर्षभर डोळ्यांना हिरवं म्हणून काही दिसायचं नाही. मी वाफ्यांत वाढलेली पोरगी. आई गेल्यावर बाबांबरोबर तो नदीकाठचा मळा मीच सांभाळला होता. रडून बाबा विरघळले असते, पण मला रडायचं नव्हतं. मी सौदा केला. माघ लागायच्या आत वांग्याची रोपं वाफ्यात उभी करून दाखवते. दाखवली, तर वर्षभर तुम्ही माझ्या लग्नाचं नाव काढायचं नाही. नाही जमलं, तर मानोरा.

बाबांना वाटलं, थंडीत वांग्याचं बी उगवतंय कुठे! ते लगेच हो म्हणाले.

पण मी एक गोष्ट पाहिली होती. आमच्या खोलीत एकच दिवा होता. त्याच्याखालच्या फळीवर ओल्या मडक्यात थोडं बी सांडलं होतं, आणि ते मळ्यातल्या बियांच्या कितीतरी आधी उगवलं होतं. दिव्याची ऊब! मी राकेलचे डबे आडवे कापून त्यांत माती आणि शेणखत भरलं, बी पेरलं, आणि त्याच एका दिव्याच्या तारेवर आणखी दिवे लोंबकळवायचं ठरवलं.

उकंडराव आला, खोलीत उभा राहिला, वर बघितलं, डब्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. जरा जास्त वेळ.

"एका दिव्याच्या तारीवर इतके दिवे?" तो म्हणाला. "तार आतल्या आत तापन. वर सगळं लाकूड हाय. घर जळन, बाई."

"मंग वायरमन कायले म्हनवता?"

"न जाळता दिवा लावतो म्हून."

दारातून घरमालकीण सोजरबाई ओरडली, "माह्या भितीले एक खिळा ठोकाचा नाही! अन् खोली सोडली की सारं होतं तसं कराचं!" बिजलीला ती भलतीच भ्यायची. दिव्याच्या बटणाला हात लावताना पदर हाताला गुंडाळायची.

त्यानं भिंतीला हात लावला नाही. मीटरपासून वेगळी तार काढली, तिला तिचं वेगळं फ्यूज, वेगळं बटण दारापाशी. तार लाकडी पट्टीत बसवून वरच्या दांड्यांना सुतळीनं बांधली, म्हणजे जाताना सोडून नेता यावी. दिवे डब्यांच्या वर हातभर अंतरावर टांगले. "पानी घालाच्या आधी बटण बंद. वल्ल्या हातानं बटण नाही. अन् दिवा खाली-वर कराचा नाही. कराचा असन तर मले बलवाचं."

"दर वेळेले?"

"दर वेळेले," तो तारेकडे बघत म्हणाला. त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

मग त्यानं सगळे डबे उघड्या तांब्याच्या तारेनं एकमेकांना जोडले आणि ती तार खिडकीतून अंगणात नेली. अंगणात खड्डा खणायचा होता. कुदळ मी त्याच्या हातातून घेतली, कारण तो ती चुकीची धरत होता... म्हणजे मला तसं वाटलं. खरं तर तो अनसिंगच्या जानराव माळ्याचाच पोर निघाला. "बाप म्हने, मया कर, वांगे लाव. मले मातीचा कटाळा आला, पळून तारीवर चढलो," तो म्हणाला. "अन् तुमी तार वढून मातीत आनून राह्यल्या." खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालून त्यानं लोखंडी नळी उभी पुरली, तार तिला बांधली आणि हात झटकत म्हणाला,

"याले रोज तांब्याभर पानी घाला."

"लोखंडाले?"

"हाव."

"उगवन का?"

"न उगवलं तं बरं. डब्यात कधी बिजली उतरली, तर तुमच्या आंगातून न जाता या वल्ल्या मातीत जाईन, अन् फ्यूज उडन. माती सुकली की वाट बंद."

तो गंभीर होता की मला चिडवत होता, ते मला कळेना. डोळ्यांत तर हसू होतं. जाताना म्हणाला, "येत जाईन पाह्याले." मी पक्कड दिली, आणि माझा हात उगाचच रिकामा रिकामा वाटायला लागला.

रोपं उगवली! हिरवी, नाजूक, दिव्याकडे माना वळवलेली. मी दिवसातून कितीदा त्यांच्यापाशी जाऊन बसायची. दाराशी पावलं वाजली की उठून बघायची. तो नव्हे. दूधवाला. तो नव्हे. बाबा. मी अंगणात लोखंडाला पाणी घातलं की शेजारच्या बाया कुंपणावर जमायच्या. गिरजाबाई म्हणाली, "पुंजाजीची पोरगी लोखंडाच्या नयीले पानी घालते वो! काय लागन तिले, खिळे का टाचण्या?" सगळ्या खो खो हसल्या. आणि तो 'येत जाईन' म्हणालेला माणूस एकदासुद्धा दिसला नाही. माझं डोकं फिरलं. ज्याचं लोखंड त्यानं पाजावं, असं म्हणून मी तांब्या आत नेऊन ठेवला.

पौषात आभाळ भरून आलं आणि गारठा पडला. शेवटच्या डब्यातली रोपं काळवंडायला लागली. दिवा जरा खाली आला तर ऊब लागेल... बोलवायचं होतं. पण कोणाला? जो येतच नाही त्याला? मीच तार ओढली, दिवा खाली घेतला आणि तार डब्याच्या कापलेल्या काठाला गुंडाळून टाकली.

दिवेलागणीला बिजलीघराचं इंजिन धडधडायला लागलं. मी बटण दाबलं आणि त्या डब्याची माती बोटानं चाचपायला वाकले. बोटं काठाला टेकली, गुंडाळलेली तार पत्र्यावर घासली. एक झिणझिणी... फट् असा आवाज... आणि सगळे दिवे गेले.

मी रागानं पेटले. असलं कसलं फ्यूज! गारठ्यात माझी रोपं मारायला निघाला होता हा. तशीच पदर खोचून बिजलीघरी गेले आणि चार माणसांसमोर त्याला म्हणाले, "तुमचं फ्यूज तुमच्यावानीच कच्चं हाय. येतो म्हन्ते अन् येत नाही."

तो पिशवी उचलून माझ्या पुढे चालायला लागला.

खोलीत आल्यावर त्यानं कंदील वर धरला. तारेचं रबर कापलेल्या पत्र्यावर घासून सोललं गेलं होतं, आतलं तांबं पत्र्याला टेकलं होतं. तो तसाच बघत राहिला.

"डब्याले हात होता तुहा?" त्यानं विचारलं. आजवर तो मला 'तुमी' म्हणायचा.

"होता..."

तो खाली बसला. मग उठून सोललेली तार सोडवायला लागला. पेचकस काही केल्या पेचात बसेना. मी तो पेचकस त्याच्या हातातून घेतला. तेव्हा कुठे मला कळलं, आपण आत्ता मेलो असतो. आणि मग मी घाबरले, चांगलीच.

"पण मी पानी घालनं सोडलं होतं," मी म्हटलं. "माती तं सुकली असन."

"सुकली कोठची!" सोजरबाई दारातून म्हणाली. "हा पोट्टा रोज सकाळी फाटकातून येते, तांब्याभर पानी वतते अन् जाते. तू मयात असते तवा. म्या म्हटलं, पोरगी घरी असते तवा ये ना बापा, तं म्हन्ते, तिनं सोडलेलं पानी मी घालतो म्हून तिले राग येईन."

उकंडराव जमिनीकडे बघत होता. कान पुन्हा लाल.

"रोज?" मी विचारलं.

"येत जाईन म्हटलं होतं ना," तो म्हणाला. "माती सुकेल दिसली... मंग मले झोप येईना."

मी त्याच्याकडे बघितलं, आणि त्यानं या वेळी तारेकडे न बघता माझ्याकडे बघितलं. सोजरबाई खोकली आणि आत गेली.

तेवढा एक डबा गेला. बाकीची रोपं जगली आणि माघाच्या आत मी ती टोपल्यांत भरून मळ्यात नेली आणि वाफ्यांत लावली. उकंडराव शेवटचं टोपलं घेऊन मागून आला, बांधावर उभा राहिला. बाबांनी वाफे पाहिले, रोपं पाहिली, एक रोप उपटून मुळ्या पाहिल्या आणि मान डोलावली. "जिकली तू. मानोऱ्याले सांगावा धाडतो. वर्षभर तुह्या लगनाचं नाव नाही काढत."

मी केवढं नाचायला हवं होतं! पण बाबा पाट फोडायला विहिरीकडे वळले, तसा उकंडराव हळूच म्हणाला, "कारंज्याचं काम सरलं. परवा अकोल्याले चाल्लो. तिकडं नवीन लाइन टाकून राह्यले."

"परवा?"

"मी बोलू का तुह्या बाबासंग? आत्ताच बोलतो."

हो म्हणावंसं वाटलं. जीव नुसता कासावीस झाला. पण बाबांचा शब्द मी ओळखून होते. आत्ता कोणी माझ्या लग्नाचं काढलं, तर ते हात जोडून म्हणाले असते, पोरीला जबान दिली आहे, वर्षानं या. माझ्याच सौद्यानं माझीच वाट अडवली होती. आणि अकोल्याला गेलेला तारवाला वर्षभरानं कोणत्या खांबावर असेल, कोणाला ठाऊक.

"तुमी नका बोलू," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. टोपलं तसंच हातात. मी वाफे ओलांडत विहिरीकडे गेले. बाबा मोटेच्या पाण्याला वाट करून देत होते.

"बाबा, मले लगन कराचं हाय."

बाबांच्या हातातलं फावडं खाली पडलं. "अवं, आत्ताच तं जिकली ना! मी वर्षभर नाव काढाचं नाही..."

"तुमी काढाचं नाही. मी काढाचं नाही असं कोठी ठरलं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. पाणी पाटातून उतू जाऊन भलतीकडे वाहायला लागलं, तरी ते हलले नाहीत. "मानोऱ्याच्या पोरासंग?"

"नाही."

मी हात दाखवला. बाबांनी कपाळाला आडवा हात लावून पाहिलं. बांधावर थांबायचं सोडून उकंडराव पार मधल्या वाफ्यापर्यंत आला होता, पायांत भलेमोठे जोडे, आणि आमच्याकडे बघताना आपण कुठे उभे आहोत याचंही त्याला भान नव्हतं.

"अनसिंगच्या जानराव माळ्याचा पोरगा हाय," मी म्हटलं. "चांगला हाय."

बाबांनी वाकून फावडं उचललं.

"चांगला असन," ते म्हणाले. "पन पयले त्याले जोडे काढाले सांग. रोपाच्या वाफ्यात उभा हाय तो."

मी ओरडून सांगितलं. उकंडरावनं खाली बघितलं, दचकला, टोपलं अलगद खाली ठेवलं, आणि घाईघाईनं जोडे काढायला लागला.