पुसलेल्या कॅसेटवरचा गेम

हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. पटलं तर घ्या.

बुऱ्हाणपूर, शनवाऱ्याजवळचं आमचं घर. साल १९८८, भादव्यातली भर दुपार. रात्र असती, तर मनाची काहीतरी समजूत घातली असती.

माझा भाऊ नंदूदादा इंदूरहून छोटा कॉम्प्युटर घेऊन आला होता. नुसता कीबोर्ड, टीव्हीला जोडायचा. गेम कॅसेटवर असायचा. टेपरेकॉर्डर किंचाळायचा, मग पडद्यावर काळं आभाळ खाली खाली सरकू लागायचं. तळाशी आपलं विमान, वरून शत्रूची यानं.

मित्राकडचा गेम उतरवून घ्यायला कॅसेट हवी होती.

घरात एकच होती. दादाच्या पहिल्या बायकोची, उषावहिनीची. बाळंतपणात ती गेली, बाळासकट. मागे उरल्या त्या कॅसेटवरच्या ओव्या.

"हीच घ्या," नवी सुलभावहिनी म्हणाली. तिला सातवा महिना होता.

"अगं, तिचा आवाज आहे त्यात," दादा म्हणाला. "दुसरं काय राहिलंय?"

"मग मी कोण आहे या घरात? किरायेदार?"

पुसू नये म्हणून दादाने कॅसेटच्या पाठची प्लास्टिकची टिकली तोडून ठेवली होती. वहिनीने तिथे कागदाचा बोळा कोंबला. दाबून दाबून.

गेम उतरला. ओव्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी दादा ऑफिसात होता. वहिनी खेळत होती, मी शेजारी वाती वळत होते.

"पाहा लीलाताई, कशी उडवते एकेकाला!"

आणि अचानक... गल्ली गप्प झाली.

आमच्या गावात लाईट गेली की आधी कानाला कळतं. पॉवरलूमची खटखट थांबते. सगळीच, एकदम.

पंखा थांबला.

टीव्ही मात्र चालूच होता...

एकच यान उरलं होतं. गोळ्या नाहीत, आवाज नाही. ते सावकाश उतरलं आणि वहिनीच्या विमानासमोर थांबलं.

"हे सरकत का नाही?" वहिनी बटणं बडवत होती. मग तिने पोट धरलं. "लीलाताई... बाळ हलत नाहीये."

मी प्लग ओढला. वायर हातात आली.

पडदा तसाच.

मग टेपरेकॉर्डरमधून... ती आली. जात्यावर बसल्यासारखी, संथ.

*माझ्या गं अंगणी, कोण हासत नाचली*
*माझी हळदीची वाटी, तिनं पायानं सांडली*

आवाज उषावहिनीचाच. पण ही ओवी तिने कधीच गायली नव्हती.

सुलभावहिनी खाली कोसळली. जिचं नावही ती घेत नव्हती, तिच्यापुढे हात जोडून ओरडली, "ताई, पाया पडते! पोर तुमचं म्हणते, तुमचं! पण जगू द्या त्याला!"

पडदा विझला.

"अगं बाई... लाथ मारली!" पोटावर हात ठेवून ती रडू लागली.

गल्लीत लूम सुरू झाले.

कार्तिकात मुलगा झाला. धडधाकट. गोटू म्हणतो आम्ही त्याला. त्या दुपारचं मात्र आम्ही दोघींनी दादालाही सांगितलं नाही.

गोटू बोलू लागला तेव्हा वहिनी त्याला मांडीवर घेऊन शिकवायची, "आई म्हण. आ... ई."

तो तिच्याकडे नीट पाहायचा. गोड हसायचा.

आणि म्हणायचा, "मावशी."

पहिल्या बायकोच्या लेकरांनी सावत्र आईला म्हणावं, तसं.

आज तो पस्तिशी ओलांडलेला बाप्या आहे. परवा वहिनी तापाने फणफणली, तर उशाशी बसून होता. "मावशी, पाणी देऊ?"

तो उठून गेल्यावर वहिनी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "लीलाताई, आई तो कुणाला म्हणतो... विचारा ना एकदा."

मी विचारलं नाही.

तो सांगेल, याचीच भीती वाटते.