सत्तेचाळीस नंबरचा संशयित

"तो स्क्रूड्रायव्हर आधी खाली ठेवा!"

हेस्टरच्या आवाजात अशी काही जरब होती, की बसच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसलेला तो माणूस दचकून उठायला गेला, मडगार्डवर त्याचं डोकं सणकून आपटलं आणि तो होता तिथेच पुन्हा खाली बसला.

वरून बारीक भुरभुर चालली होती. हॅवरबेकच्या बाजारचौकात अकरा जुन्या बसगाड्या ओळीने घुरघुरत उभ्या होत्या, आणि त्यांच्याभोवती शंभरेक माणसं कॅमेरे, वह्या आणि चहाचे फ्लास्क घेऊन चिखलात आनंदाने फिरत होती. वर्षातला पहिला रनिंग डे. म्हाताऱ्या गाड्यांनी पुन्हा रस्त्यावर यायचं, जुन्याच थांब्यांवर थांबायचं, आणि लोकांनी दिवसभर फुकट फिरायचं. अशा मंगल दिवशी कुणी चाकाशी स्क्रूड्रायव्हर घेऊन सापडावं, म्हणजे कुठेतरी पाणी नक्कीच मुरत होतं.

"काय चाललंय इथे?"

"नंबर बघतोय," डोकं चोळत तो म्हणाला. "गाडीखालच्या लोखंडी सांगाड्यावर ठोकलेला असतो ना... स्प्रिंगच्या मागे. पण ग्रीस फार साचलंय."

"नंबर तिथे समोर लिहिलाय. हातभर मोठा. सत्तेचाळीस."

"तो नव्हे. हा वेगळा."

तो उठून उभा राहिला. केस ओले, कपाळावर काळ्या ग्रीसचा पट्टा आणि डोळे अगदी सरळ, निवळ. हेस्टर विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायची. सात वर्षांत तिने निवळ डोळ्यांची इतकी माणसं खोटं बोलताना पकडली होती, की असे डोळे दिसले की ती सावधच व्हायची. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. हेस्टर तर पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

"नाव?"

"एम्रिस प्यू. आणि तुमचं?"

"ते तुम्हाला कशाला हवं?" असं म्हणून तिने पाठ फिरवली. आपले कान गरम झालेत हे तिला चहाच्या तंबूत पोचल्यावर कळलं.

तंबूत डोरीन होती. डोरीन हॅवरबेकच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाची चिटणीस, आणि गावभरच्या बातम्यांचीही. "त्याला मी सकाळीच हेरलाय," कपात चहा ओतत ती म्हणाली. "वेल्सचा आहे म्हणे. गोड बोलतो. या वर्षी तीन गाड्यांच्या नाकावरचे पितळी बिल्ले कुणीतरी उचकटून नेलेत, ठाऊक आहे ना? मी कुणाचं नाव घेत नाही, बाई. पण क्लिफर्डला सांग, गाडीला जप."

क्लिफर्डला हे सांगायची गरज नव्हती. हेस्टरचे वडील गाडीला एकोणीस वर्षं जपत होते. ही दुमजली गाडी त्यांना मिळाली तेव्हा एका शेतात उभी होती आणि तिच्यात कोंबड्या राहत होत्या. एके दिवशी जिन्यावरचा रंग खरवडताना खालून जुन्या पांढऱ्या रंगातला '४७' निघाला, आणि क्लिफर्ड जिन्यातच बसून ढसाढसा रडले. त्यांची आई अकरा वर्षं नगरपालिकेच्या गाड्यांवर कंडक्टर होती. तिचा एकच फोटो घरात होता, आणि त्यात ती सत्तेचाळीस नंबरच्या गाडीच्या मागच्या उघड्या, चढायच्या फळीवर उभी राहून हसत होती. आता तिच्या जागी, गळ्यात तिकिटाचं यंत्र अडकवून, हेस्टर उभी राहायची. पुढे एकट्याच्या केबिनमध्ये बसलेले क्लिफर्ड गाडी सुरू करायच्या आधी दर वेळी स्टिअरिंगला हात लावून पुटपुटायचे, "चल आई."

त्यामुळे सत्तेचाळीसला कुणी हात लावणं म्हणजे काय, हे हेस्टरला चांगलं माहीत होतं.

दुपारी एम्रिस प्यू तिच्याच गाडीत चढला. आणि खाली, मागच्या दाराजवळच्या आडव्या बाकावर बसला.

"वर पुढची सीट रिकामी आहे," ती म्हणाली.

"असू दे."

आता मात्र तिची खात्रीच पटली. माडीवरच्या पुढच्या सीटसाठी सत्तर-सत्तर वर्षांचे म्हातारे इथे एकमेकांना कोपरं मारतात. ती रिकामी असताना खाली बसणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर त्याच्या मनात काहीतरी असतं.

"का बरं खाली?"

"तुम्ही खाली असता म्हणून."

तिने यंत्राचं हँडल असं गरागरा फिरवलं, की हौसेचं तिकीट वीतभराऐवजी हातभर बाहेर आलं. ते त्याने घडी करून खिशात ठेवलं. त्या दिवशी तो तीन फेऱ्यांना आला. दर फेरीला वहीत काहीतरी लिही आणि मध्येच वर बघे... आणि ती बघतेय हे दिसलं, की पुन्हा वहीत.

"काम काय करता तुम्ही?" शेवटच्या फेरीला तिने विचारलं.

"पियानोचे सूर लावतो."

पियानोचे सूर! काय पण थाप! दुसऱ्याच दिवशी हेस्टरने त्याचा नंबर शोधून काढला, आवाज जाड केला आणि फोन लावला. "मिसेस अपरटन बोलतेय. आमच्याकडे एक जुना पियानो आहे—"



"हेस्टर," तो म्हणाला, "तुमच्याकडे पियानो नाही."

"...कशावरून?"

"याच आवाजात 'पुढे सरका, पुढे सरका' मी काल दुपारभर ऐकलंय, आणि तुमच्या नावाने मारलेल्या हाकाही. माझा धंदाच कानांचा आहे."

तिने फोन आपटला. मग बराच वेळ एकटीच हसत बसली. आणि मग, आपण हसतोय हे लक्षात आल्यावर, तिला त्याचाही संशय आला.

मे महिन्यातल्या रनिंग डेला बातमी आली, की बिल्लेचोर सापडला. दुसऱ्याच परगण्यातला कुणी निवृत्त दंतवैद्य निघाला. डोरीनचा चेहरा पडला. "मग हा दलाल असणार," हेस्टर म्हणाली. "गाडी हेरून ठेवायची, मग म्हाताऱ्याला गाठून विकायला लावायची." पण म्हणताना तिचा आवाज मागच्या वेळेइतका ठाम नव्हता. कारण सकाळी चढावर गाडीला हिसका बसला, तेव्हा तिने फळीवरचा खांब धरला होता आणि त्यानेही तोच धरला होता. दोघांचे हात एकावर एक आले, आणि पुढचा थांबा येईपर्यंत कुणीच काढला नाही.

"तुला गाडी विकत हवी आहे का?" पुढच्या फेरीला तिने त्याला एकदम विचारलं. 'तू' कधी झालं, ते तिलाही कळलं नाही.

"नाही."

"मग काय हवंय?"

तो लाल झाला. "देशभरच्या मंडळांच्या सामाईक यादीचं काम माझ्याकडे आहे. देशात शिल्लक राहिलेल्या प्रत्येक गाडीची नोंद. म्हणून फिरतो... म्हणजे, एप्रिलमध्ये म्हणून आलो होतो."

"आणि आता?"

"आता अंड्याचं सँडविच खाणार का, असं विचारायला आलोय."

तिने सँडविच खाल्लं. आधी पाव उचकटून आत बघितलं, ते वेगळं.

जुलै उजाडला. दुपारची फेरी माळावरच्या शेवटच्या थांब्यावर पोचली. गाडी इथे अर्धा तास थांबायची. उतारू फोटो काढायला पांगले, क्लिफर्ड केबिनमधून उतरून दगडी कुंपणावर डबा उघडून बसले. एम्रिस एका म्हातारबुवांना जिन्यावरून हात धरून उतरवत होता, आणि त्याची वही बाकावर राहिली होती.

दुसऱ्याची वही वाचू नये, हे हेस्टरला कळत होतं. तिने वाचली.

'हॅवरबेक ४७ — चुकीचं. सांगाड्यावरचा नंबर जुळला. कार्यशाळेच्या जुन्या रजिस्टरप्रमाणे १९६१च्या दुरुस्तीत ४७चा वरचा अख्खा डबा काढून ५२च्या सांगाड्यावर बसवला. गाडी खरी ५२. ४७चा सांगाडा भंगारात.' आणि खाली, तारखा टाकून तीन ओळी. 'एप्रिल — सांगायला हवं. मे — सांगता आलं नाही. जून — तिच्या वडिलांनी पुन्हा स्टिअरिंगला "चल आई" म्हटलं. कसं सांगू?'

तिने त्या ओळी पुन्हा वाचल्या.

एम्रिस फळीवर चढला, वही तिच्या हातात पाहिली आणि तिथेच थबकला.

"हे खोटं आहे."

"नाही, हेस्टर."

"डबा सत्तेचाळीसचा आहे ना? जिन्यावर आकडा आहे! मग गाडी सत्तेचाळीसच!"

"नंबर सांगाड्याचा असतो. डबे बदलायचे तेव्हा, कपडे बदलावेत तसे. यादीचा नियम तोच आहे... आणि यादी सोमवारी छापायला जातेय."

पावसाचे चार थेंब टपावर वाजले. तिने कुंपणावर बसलेल्या वडिलांकडे पाहिलं. त्यांनी पावाचा तुकडा तोडून एका मेंढीपुढे धरला होता.

"एकोणीस वर्षं, एम्रिस," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांना दुसरं काही नाही रे. तू सत्तेचाळीस लिही. कुणाला कळणारे? एक आकडा तर आहे. माझ्यासाठी... एवढं कर."

त्याचे डोळे भरून आले होते.

"नाही," तो म्हणाला.

"नाही?"

"तुझ्यासाठी मी काहीही करीन. हे नाही करता येणार. पण पुस्तकात वाचून त्यांना कळायला नको. मी आत्ताच सांगतो त्यांना. राग येईल तो माझ्यावर येऊ दे."

"जा!" ती कडाडली. "जा, सांग! आणि परत माझ्या गाडीत चढू नकोस!"

तो गेला. हेस्टर खांब धरून उभी राहिली. वारा उलटा होता, शब्द ऐकू येत नव्हते. एम्रिस डॅडच्या शेजारी बसला, वही उघडली. डॅडनी डबा बाजूला ठेवला. टोपी काढली. बराच वेळ हातातल्या टोपीकडे बघत राहिले. मग दोघं उठले, गाडीच्या पुढे आले आणि एकामागोमाग एक गाडीखाली शिरले. बाहेर फक्त चार बूट दिसत राहिले. हेस्टरला धावत जाऊन त्यातल्या दोन बुटांना धरून बाहेर ओढावंसं वाटलं, आणि नेमक्या कुणाच्या, तेही ठरत नव्हतं.

पाच मिनिटांनी क्लिफर्ड बाहेर आले. तोंडाला ग्रीस, डोळे लाल. येऊन तिच्या पायाशी फळीवर बसले.

"बावन्न आहे गं पोरी."

"डॅड..."

"स्प्रिंगा मी स्वतः घासल्या, आणि त्यांच्या मागे एकदा बघितलं नाही. आकडा रंगात दिसला, तेवढाच पुरला. हवं होतं ना मला तसं." त्यांनी नाक ओढलं. मग तळव्याने फळी चापटली, दोनदा. "ही मात्र तिचीच ना रे?"

"हो," मागून एम्रिस म्हणाला. "अख्खा डबा सत्तेचाळीसचा. जिना, बाकं, ही फळी, सगळं."

"मग झालं तर. माझी आई फळीवर उभी राहायची, सांगाड्यावर नाही." ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. "यादीत बावन्न लिही. आणि डबा कुठला, तेही लिही. खरं ते सगळं लिही. आणि इकडे ये." त्यांनी एम्रिसचा खांदा घट्ट दाबला. "म्हातारा म्हणून मला गोंजारत बसला नाहीस. बरं वाटलं मला."

टोपी डोक्यावर चढवून ते केबिनकडे चालू लागले. उतारू गोळा व्हायला लागले होते. एम्रिस रस्त्यातच उभा राहिला, फळीपासून दोन पावलं दूर, पावसात.

"चढ वर," हेस्टर म्हणाली.

"तू म्हणालीस—"

"काय म्हणाले ते ठाऊक आहे मला. चढ."

तो चढला. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "सत्तेचाळीस लिहिलं असतंस, तर मी आजच तुझ्याबरोबर जेवायला आले असते."

"माहीत आहे."

"मग?"

"मग कधीतरी मी तुला काही सांगितलं असतं, काही साधंच... आणि तू म्हणाली असतीस, जो माझ्यासाठी खोटं लिहितो, त्याला माझ्याशी खोटं बोलायला कितीसा वेळ?"

ती अगदी हेच म्हणाली असती. शब्दसुद्धा हेच असते. तिने आठवून पाहिलं. स्क्रूड्रायव्हर, बाक, पियानो, यादी... एप्रिलपासून ती याला उलटसुलट तपासत होती, आणि याने एकदाही तिला खोटं उत्तर दिलं नव्हतं. तिने मात्र एकही खरं धरलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्याच्याबद्दल भरून आलं.

"एक प्रश्न विचारते," ती दावा तपासायच्या कोरड्या सुरात म्हणाली. तो सूर मध्येच फुटला. "तुझं... माझ्यावर प्रेम आहे?"

"हो," एम्रिस म्हणाला. "फार."

ती त्याच्या डोळ्यांत बघत थांबली. दर वेळी याच क्षणी मनात कुठेतरी एक बारीकशी शंका डोकं वर काढायची. ती त्या शंकेची वाट बघत होती. पुढे डॅडनी इंजिन चालू केलं, फळी थरथरली, उतारू आत सरकले, कुणीतरी "चला की हो बाई!" म्हणून ओरडलं.

"माझंही आहे," ती म्हणाली.

तिने घंटी दोनदा वाजवली. गाडी हिसका देऊन निघाली, तो तोल जाऊन तिच्यावर आला, आणि तिने त्याला भर उतारूंसमोर दोन्ही हातांनी धरून ठेवलं... पुरावा मागायचं ती साफ विसरून गेली.