बर्फावरचा शेवटचा गडी

“हा रबराचा डगला घालून मी काय बेडूक होणार आहे? आणि गळ्याशी केवढा आवळलाय! श्वास कुठून घ्यायचा माणसाने?”

नाना माझ्या कानाशी पुटपुटत होते. मी त्यांच्या ड्रायसूटची चेन ओढत होते आणि ती नेमकी हनुवटीखाली अडकली होती.

“नाना, पाण्यात पडलात तर हाच डगला तरंगत ठेवेल तुम्हाला.”

बोलून गेले... आणि जीभ चावली.

समोर बाकावर बसलेली मिताली आपल्या हातमोज्यांकडे बघत राहिली.

विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. मी तिथे होते. मागच्या फेब्रुवारीत, जपानच्या उत्तरेला, होक्काइदो बेटाच्या टोकाला, उतोरो गावात. दिवसाउजेडी. तेव्हापासून मी कुठल्याही रांगेत शेवटी उभी राहत नाही. कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातसुद्धा मागे कोणी येईपर्यंत उगीच चॉकलेटं चाळत बसते.

हिवाळ्यात इथे उत्तरेकडून समुद्राचा बर्फ वाहत येतो. अख्खा समुद्र पांढरा होतो, किनाऱ्याला चिकटतो, आणि लोक गाईडबरोबर त्यावर चालायला जातात.

सारंग त्याच्या आदल्या वर्षी गेला होता. गाईडशिवाय. एकटाच.

सारंग म्हणजे माझा धाकटा भाऊ, मितालीचा नवरा. इकडे शहरात, एदोगावात, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. त्या दिवशी वारा फिरला आणि बर्फ किनारा सोडून आत निघाला, त्याच्यासकट. बोटी झाल्या, हेलिकॉप्टर झालं. काही सापडलं नाही.

काही सापडलं नाही, म्हणून कोणी काही म्हटलंही नाही. दिवस केले नाहीत, फोटो लावला नाही. मितालीच्या दाराशी त्याच्या चपला तशाच. वायफाय बिघडलं की माझा नवरा उदय म्हणायचा, “सारंग आला की बघेल.” आणि आम्ही शहाण्यासारख्या माना डोलवायचो. वर्षभर.

मग नाना, माझे वडील, पुण्याहून आले. एकच हट्ट घेऊन.

“मला तो बर्फ बघायचाय.”

आमची गाईड ओनोदेरा-सान, पन्नाशीची बाई. तिला आम्ही सारंगबद्दल काही सांगितलं नव्हतं. हे लक्षात ठेवा.

सगळ्यांत पुढे ती. मग नाना, मिताली, उदय. शेवटी मी.

पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे... आवाजच नव्हता.

आम्ही समुद्रावर उभे होतो आणि समुद्र गप्प होता. लाट नाही, गाज नाही. फक्त बुटांखाली कर्र... कर्र... मधेच खोलवर कुठेतरी बर्फ कण्हायचा, आजारी माणूस कुशीवर वळावा तसा.

बरंच आत गेल्यावर नानांनी अचानक हाळी दिली.

“ओऽऽऽ!”

ओनोदेरा-सान दचकून वळली. नाना ओशाळले. “सवय गं, दुसरं काय.”

सवयच होती. नानांनी उभा जन्म पोरांना डोंगर चढवले-उतरवले. त्यांचा नियम एकच. पुढच्याने ‘ओ’ अशी हाळी द्यायची, शेवटच्याने ‘आहे’ म्हणायचं. आणि शेवटच्याने आपली जागा सोडायची नाही. सगळे खाली पोचले की नाना ओरडायचे, “सगळे पोचलेऽऽ, तू मोकळाऽऽ!” मगच त्याची सुटका.

शेवटचा गडी कायम सारंग. एकदा नाना ओरडायला विसरले, तर हा भर पावसात कड्याखाली बसून राहिला. “तुम्ही मोकळा म्हणालाच नाहीत,” म्हणाला. वेडा.

आम्ही पुन्हा पाय उचलला.

आणि मग...

“आहेऽऽऽ!”

माझ्या मागून.

शेवटची तर मी होते.

पुढे उदयची पाठ ताठ झाली. मिताली थबकली. नानांची मान किंचित वळली आणि तिथेच थांबली. कोणी काही बोललं नाही. न बोलण्यात आम्ही तोवर तयार झालो होतो.

चालत राहिलो.

कर्र... माझं पाऊल. कर्र... त्यामागून अजून एक.

मी थांबले.

ते एक पाऊल टाकून थांबलं.

मी वळले. कोणी नव्हतं. क्षितिजापर्यंत पांढरं, रिकामं. पण बर्फावरच्या भुरभुरीत थरात माझी पावलं उमटली होती... आणि प्रत्येक पावलात आणखी एक पाऊल होतं. मोठं. आमच्या सूटचे रबरी बूट तळाला गुळगुळीत. या पावलाला ट्रेकिंगच्या बुटाची नक्षी होती.

लहानपणी चिखलातून जाताना तो असाच माझ्या पावलांवर पाय ठेवत यायचा. “म्हणजे ताईचेच पाय भरतात,” म्हणायचा.

मला भीती वाटायला हवी होती. मला रडू आलं.

किनाऱ्यावर परतलो तेव्हा वारा सुटला होता. ओनोदेरा-सानने घाईघाईने थर्मास उघडला आणि आल्याचं गोड गरम पाणी कपांत ओतलं. चौघांच्या हातात चार कप दिले.

मग पाचवा भरला.

तो हातात धरून ती आमच्या मागे बघत राहिली. जपानीत म्हणाली, “ते मागचे गृहस्थ? ते अजून येत नाहीत?”

माझं जपानी शेजारणींकडून उचललेलं, तरी एवढं कळलं.

मितालीला तर पूर्ण कळलं.

“येतोय तो,” ती मराठीत म्हणाली. आणि हसली. वर्षभरात पहिल्यांदा.

वारा आता जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. बर्फ आणि किनारा यांच्यात एक काळी रेघ उमटली. बोटभर. मग वीतभर.

मितालीने कप खाली ठेवला आणि बर्फाकडे चालू लागली.

“मिताली!” उदयने तिचा दंड धरला. ओल्या रबरावरून हात सटकला.

“सोडा मला! एकटा आहे तो तिकडे. ऐकलंय तुम्ही. सगळ्यांनी ऐकलंय!”

ऐकलं होतं. खोटं कसं बोलणार?

ओनोदेरा-सान किंचाळली. मितालीचा एक पाय किनाऱ्यावर, दुसरा रेघेच्या पलीकडे, हलणाऱ्या बर्फावर.

नानांनी गळ्याची चेन खसकन खाली ओढली आणि छातीभर श्वास घेतला.

“ओऽऽऽ!”

“आहेऽऽऽ...”

लांबून. बर्फाबरोबर आणखी लांब जाणारा.

मिताली हसत होती, रडत होती. “बघा! नाना, बोलवा ना त्याला! तुमचं ऐकतो तो!”

ऐकतो. तेच तर.

नानांनी तिच्या पायाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी होकारार्थी मान हलवली.

त्यांनी तोंडाभोवती हातांचा कर्णा केला, डोंगरावर करायचे तसा.

“सारंगाऽऽ! सगळे पोचलेऽऽ! मिताली पोचलीऽऽ!”

मितालीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. तिचा बर्फावरचा पाय हळूच मागे आला.

“तू...”

आवाज फाटला. नाना खाली वाकले, पुन्हा सरळ झाले.

“तू गेलास रे बाळाऽऽ... तू गेलास. आता मागे थांबू नकोस... तू मोकळाऽऽ!”