दोन्ही बदल हाताने केलेले

माझा भाचा ड्रायव्हर लिहितो. चालवत नाही, लिहितो. यंत्र आणि संगणक यांच्यातला दुभाष्या, असे त्याने मला समजावले. मीही जन्मभर साहेब आणि जनता यांच्यात हेच केले. फक्त त्याला कारकुनी म्हणत.

हिचा श्वास झोपेत मध्येच थांबतो, म्हणून त्यावर नजर ठेवणारे यंत्र घरी आणले. जोडून द्यायला भाचाच आला, कारण त्याचा ड्रायव्हर यानेच लिहिलेला. श्वास थांबला की गजर होणार. कोणी गजर चालू ठेवून आवाजच बंद केला तर, असे मी विचारले. तर पडद्यावर इशारा येतो, तो म्हणाला. पण ऊठसूट नाही. ऊठसूट आला की लोक न वाचताच पुढे जातात. मला आमच्या साहेबांच्या सह्या आठवल्या. दोन सेटिंग एकमेकींशी भांडू लागल्या आणि त्यातली एक कारखान्यातूनच आलेली असेल, तर यंत्र गुपचूप जुळवून घेते. दोन्ही माणसाने हाताने केलेल्या असतील, तरच विचारते.

गजर मी माझ्या हाताने चालू केला. भाचा गेला. ऊन कलले. खोलीत औषधांचा वास, यंत्राची बारीक घरघर, आणि पेपर घेऊन मी. मान वर केली तर पडद्यावर पिवळी अक्षरे: ‘गजर चालू. आवाज बंद. दोन्ही बदल हाताने केलेले. काय ठेवायचे?’

हिला कूस बदलायलाही माझा हात लागतो. घरात तिसरे कोणी नाही. म्हातारपण, दुसरे काय, असे म्हणून मी आवाज चालू केला. पान उलटेपर्यंत अक्षरे परत हजर. पुन्हा चालू केला. पुन्हा तेच.

डोळे न उघडताच ही पुटपुटली, “अहो... भांडू नका ना दोघं.”

“दोघं कोण?”

“तुम्ही... आणि हे, भिंतीकडचे.”

पलंग भिंतीला टेकलेला आहे. तिकडून चादर खोचायची तर माझी बोटे सोलवटतात.

भाच्याला फोन केला. एरवी माझी चेष्टा करणारा पोरगा हसला नाही. “मामा, बिघाडाने आवाज गेला तर इशारा येतच नाही. कोणालातरी कळ दाबावीच लागते.” मग म्हणाला, “त्रास होत असेल तर इशारा काढून टाकू?”

“नको,” मी म्हटले. “घरात खरं सांगणारा तोच एक उरलाय.”

मग खुर्ची ओढली आणि कळांवर तळहात झाकून बसलो. इशारा आला नाही. अंधारून आले, तरी नाही. हायसे वाटले. भिंतीकडे पाहून जरा हसलोही.

मग पडदा नीट वाचला. आवाज बंद. गजरही बंद. दोन्ही बदल हाताने केलेले. आता त्यांच्यात भांडण असे उरलेच नव्हते. भाच्याच्या नियमाप्रमाणे इशाऱ्याचे कारण नव्हते. आणि कळांवर हात माझाच होता. गारठलेला.

घाईघाईने तोच हात हिच्या नाकाशी धरला. श्वास येत होता. एक गरम... आणि त्याच्या मागोमाग, भिंतीकडून, एक गार.