खुर्ची नको, चेंडू द्या

“आत या! नाहीतर त्या कॅमेऱ्याच्या आधी तुम्हीच बंद पडाल!”

ऑड्रा स्टाइनरनं मागे वळून पाहिलं. ओहायो नदीवरून सर आली होती ती सरळ अंगावरच. मैदानावर माणसं ताडपत्री ओढत धावत होती, प्रेक्षक छपराखाली पळत होते, आणि ती एकटी कुंपणाच्या शिडीवर उभी राहून चेंडूचा वेग मोजणारा बिघडलेला कॅमेरा सोडवत होती. शेवटचा स्क्रू निघाला, तसा तो कॅमेरा तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून ती शेडमध्ये घुसली.

राखीव पिचर, म्हणजे बेसबॉलमधले चेंडू टाकणारे, जिथे बसतात ती ही शेड. बाकीचे कपडे बदलायला पळाले होते. उरला होता तो एकटा वेंडेल टॅकेट... लांबच लांब पाय पसरून, सूर्यफुलाच्या बिया फोडत.

त्याला कोण ओळखत नव्हतं? लुईव्हिल हेरन्स संघाचा सगळ्यात वयस्क पिचर. वय अडतीस. पहिला पिचर दमला, सामना हातातून निसटायला लागला, की शेडमधला फोन वाजायचा. मग हा उठायचा, डाव्या हातानं पंधरा-वीस चेंडू टाकायचा, लागलेली आग विझवायचा आणि गुमान परत येऊन बसायचा. अकरा वर्षं हेच.

“घ्या.” त्यानं टॉवेल पुढे केला. “स्वच्छ आहे... बहुतेक.”

ती हसली. केसांतून पाणी नाकावर आलं.

“तुम्ही वरच्या काचेच्या खोलीत बसता ना? आकडेवाल्या?”

“हो.”

“म्हणजे माझी पत्रिका तुमच्याकडेच. काय म्हणतायत ग्रह?”

ऑड्रानं टॉवेलात तोंड पुसलं. त्याच सकाळी व्यवस्थापक हॅलोरननी तिच्या टेबलावर एक फाईल ठेवली होती. टॅकेटचा करार या मोसमात संपत होता आणि तो आणखी दोन वर्षं मागत होता. “आपण नाही म्हणायचंय,” हॅलोरन म्हणाले होते. “फक्त ते आकड्यांत म्हणून दे.”

हे त्याला सांगता येणार नव्हतं. पण खोटं बोलणंही तिला कधी जमलं नव्हतं.

“तुमचा चेंडू चार वर्षांत ताशी चार मैलांनी मंदावलाय,” ती एकदम बोलून गेली.

त्याच्या तोंडातली बी थांबली. “साडेतीन.”

“तीन पूर्णांक आठ.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग मान मागे टाकून असा हसला, की पत्र्यावरच्या पावसाचा आवाजही क्षणभर मागे पडला.

“माझ्याकडे इतक्या बारकाईनं आजवर कुणी पाहिलं नव्हतं, बाईसाहेब!”

ऑड्राचे कान तापले. सदतिसाव्या वर्षी, एक लग्न मोडून झाल्यावर, कान तापायचं काही कारण नव्हतं. पण तापले खरे.

*

कॅमेरा दुरुस्त झाला. तरी ती पुन्हा खाली गेली... मग पुन्हा. प्रत्येक वेळी काही ना काही निमित्त असायचंच. कधी वायर तपासायची, कधी कोन बदलायचा.

“त्या वायरचं काही खरं नाही,” वेंडेल एकदा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. “माझ्या सरावाच्या वेळेलाच बिघडते.”

“तुम्हाला त्रास होत असेल तर मी दुसऱ्या कुणाला पाठवते.”

“खबरदार!” मग जरा थांबून, “आणि ते ‘तुम्ही’ सोड आता. आधीच सगळे मला आजोबा म्हणतात.”

“बरं... तू,” ती म्हणाली. एवढासा शब्द, पण जिभेवर गरम चहासारखा चटका देऊन गेला.

त्या दिवशी त्यानं तिच्या हातात चेंडू ठेवला आणि तिची बोटं शिवणीवर एकेक करून बसवली. मधलं इथे. अंगठा खाली. हा त्याचा नवा संथ चेंडू. दोन वर्षांपूर्वी खांदा दुखायला लागला, तेव्हा पूर्व केंटकीतल्या आपल्या डोंगरातल्या घरी जाऊन, कोठाराच्या भिंतीवर टाकून टाकून तो शिकला होता.

“वेग गेला, म्हणून अक्कलही गेली असं नसतं ना!” तो म्हणाला. “फलंदाज माझ्या हाताकडे बघतो. त्याला वाटतं, आला! पण चेंडू अजून वाटेतच असतो.”

त्याचा हात तिच्या बोटांवरून हलला नव्हता. तिनंही हलवायला सांगितलं नाही.

वर जाऊन तिनं सगळे आकडे पुन्हा मांडले. क्लबच्या जुन्या हिशेबात गोम होती. पस्तिशीपुढच्या प्रत्येक पिचरचे गुण वयामुळे आपोआप कापले जात होते, मग तो कसाही खेळो. तिनं तो रकाना बाजूला ठेवला आणि नुसते चेंडू बघितले. दोन वर्षांत वेंडेलच्या चेंडूवर जोरदार फटके जवळपास निम्म्यावर आले होते. सलग दोन दिवस टाकायला लावलं, तर मात्र तिसऱ्या दिवशी खांदा कुरकुरायचा. तेही तिथेच दिसत होतं, स्वच्छ.

तिनं अहवालात लिहिलं: एक वर्ष जरूर द्यावं. दोन देऊ नयेत.

आणि मग हे त्याच्या तोंडावर सांगायला ती खाली गेली. नियमात बसत नव्हतं. पण पाठीमागे एक लिहायचं आणि समोर दुसरं हसायचं, हे तिच्यात बसत नव्हतं.

“एक?” वेंडेलचा चेहरा उतरला. “मी दोन मागतोय, ऑड्रा.”

“ठाऊक आहे.”

“तुला वाटतं मी संपलो?”

“संपला असतास तर शून्य लिहिलं असतं. पुढच्या वर्षी तू चांगला टाकशील, हे मी शपथेवर सांगते. पण सलग दोन दिवस टाकलंस की तिसऱ्या दिवशी तुझा खांदा कुरकुरतो, त्यापुढचं मला दिसत नाही. न दिसणारं मी लिहू?”

“माझ्यासाठीसुद्धा नाही?”

“तुझ्यासाठी तर मुळीच नाही!”

त्यानं हातमोजा बाकावर आपटला आणि तो निघून गेला. ती तिथेच उभी राहिली. डोळे भरून आले होते, पण शब्द मागे घ्यावेसे वाटेनात.

चार दिवस तो दिसला की मान फिरवायचा. पाचव्या दिवशी जिन्यात आडवा आला.

“खांदा अजून कुरकुरतो हे मी डॉक्टरलाही सांगितलेलं नाही,” तो म्हणाला. “तुला कसं कळलं?”

“तिसऱ्या दिवशी तुझं कोपर दोन बोटं खाली येतं.”

त्यानं डावं कोपर चाचपलं. मग म्हणाला, “एक तर एक. पण तो एक मला दयेनं नकोय.”

“दया करायला मी काय मठात राहते?” ती म्हणाली, आणि तो चार दिवसांत पहिल्यांदा हसला.

*

अहवाल देताना ऑड्रा हॅलोरनांसमोर उभीच राहिली.

“आणखी एक गोष्ट सांगायची आहे. हा अहवाल दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. कारण मी त्या माणसाच्या प्रेमात पडले आहे.”

हॅलोरनांचा चष्मा नाकावरून घसरला. “या वयात?” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“तुमच्याकडे वयाचा रकाना सगळ्याच कागदांवर असतो का?”

“मग हा अहवाल कचऱ्यात गेला म्हणायचा!”

“का म्हणून? आकडे तपासा. प्रेमात मी आहे, आकडे नाहीत.”

बाहेरच्या शहरातल्या एका तज्ज्ञाकडून त्यांनी आकडे तपासून घेतले. एकही चूक निघाली नाही. तिची नोकरी टिकली, वयाचा तो रकानाही पुढे गुपचूप काढला गेला. पण वेंडेलला करार मिळाला नाही. क्लबला तरुण चेहरे हवे होते, पोस्टरवर शोभणारे. मोसमातल्या शेवटच्या रविवारी दुपारी, सामन्याच्या आधी, त्याचा निरोप समारंभ ठरला. त्याला न विचारताच.

पस्तीस हजार लोक. बँड वाजला. हॅलोरननी स्वतः मैदानाच्या मध्यभागी एक झुलती खुर्ची आणून ठेवली. चकचकीत अक्रोडाची, पाठीवर त्याचं नाव कोरलेली. घराच्या ओसरीत बसून झुलायला.

वेंडेलनं खुर्चीवरून हात फिरवला. मग माईक घेतला.

“सुताराचं काम झकास आहे,” तो म्हणाला. “पाय दुखत असतील त्यानं खुशाल बसावं. मी निवृत्त होतोय असं मी कुणाला सांगितल्याचं आठवत नाही. मला खुर्ची नको, चेंडू द्या.”

मग वरच्या सज्जातून कुणीतरी बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, आणि पाठोपाठ सगळं मैदान उभं राहिलं. काचेच्या खोलीत ऑड्रा एकटीच टाळ्या वाजवत होती. आजूबाजूचे तिच्याकडे बघत होते. बघू देत!

आठव्या डावात फोन वाजला. तिन्ही तळांवर प्रतिस्पर्धी उभे, हेरन्सची जेमतेम एका धावेची आघाडी, समोर तेवीस वर्षांचा फलंदाज, मानेएवढे जाड दंड असलेला. पहिला चेंडू त्याला हुकला. दुसरा त्यानं असा हाणला की रेषेच्या जरासा बाहेर पडला; तीनपैकी दोन संधी संपल्या, उरली एक. मग तो संथ चेंडू आला... ताशी चौऱ्याहत्तर मैल. त्या पोरानं सगळी ताकद लावून बॅट फिरवली, स्वतःभोवती गर्रकन फिरला आणि गुडघ्यावर बसला. चेंडू त्यानंतर पोहोचला.

*

ऑक्टोबरच्या मध्यावर टेक्सासमधल्या एका क्लबनं वेंडेलला बोलावलं. एका वर्षासाठी. भर दुपारी तो सामान भरलेला ट्रक घेऊन हेरन्सच्या कार्यालयासमोर आला आणि बरोबर हॅलोरनांच्या खिडकीखाली उभा केला. ऑड्रा कोट न घालताच खाली धावली.

“एक विचारायचं होतं,” तो म्हणाला. “तू प्रेमात पडलीयेस, हे हॅलोरनना कळलं. त्यांच्या सेक्रेटरीला कळलं. गवत कापणाऱ्यापर्यंत पोहोचलं. काल मला कळलं. मला का नाही सांगितलंस?”

“तू... तू कधी विचारलं नाहीस.”

“आता विचारतोय.”

“मग आहे!” ती म्हणाली. हनुवटी वर, गाल लालबुंद. “आहे प्रेम. काय म्हणणं आहे?”

“माझं दीड महिना जास्त जुनं आहे. त्या टॉवेलपासूनचं.” तो जवळ आला. “येतेस टेक्सासला?”

“नाही. माझं काम इथे आहे, आणि ते मी चांगलं करते. तू खेळ सोडून थांबतोस?”

“नाही.”

“छान! मग विमानं कशाला असतात?”

तो हसायला लागला. तिनं त्याची कॉलर धरली. वर एक खिडकी उघडली, मग दुसरी, तिसरी. तिनं मान वर करून सगळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं आणि त्यांच्या देखत त्याचं चुंबन घेतलं. घाई न करता.

“एक ऐकून ठेव,” ती मग म्हणाली. कॉलर अजून मुठीतच होती. “मे महिन्यात तुमचा संघ इथे येतोय. तुझा तो संथ चेंडू कसा हाणायचा, हे आमच्या फलंदाजांना मीच शिकवणार आहे.”

“शिकव,” वेंडेल टॅकेट म्हणाला. “बघू कोण हाणतो.”