नावातलं सातवं चिन्ह

खिडकीच्या तळाशी आजही तेच लिहिलेलं होतं : सापडलेल्या ओळी – ०.

सलग अकरावा दिवस.

ही खिडकी भिंतीतली नव्हे, संगणकाच्या पडद्यावरची. तारिणीची आई, शर्वाणी, मंगळाभोवती फिरणाऱ्या एका स्थानकावर काम करत होती. तिला जाऊन चौदा महिने झाले होते. फोनवर बोलायची सोय नव्हती, कारण इथून 'हॅलो' म्हटलं की उलट 'हॅलो' यायला आता चाळीस मिनिटं लागत. म्हणून रोज दुपारी स्थानकावरून बार्शीच्या या घरी एक भलीमोठी फाइल यायची. तिच्यात यंत्रांची हजारो मोजमापं, आणि त्या मोजमापांच्या मधेमधे तिथल्या बारा माणसांनी आपापल्या घरी लिहिलेल्या ओळी.

जाण्याआधी आईने तिचा टेक्स्ट एडिटर (नुसता मजकूर लिहायचा, शोधायचा, बदलायचा प्रोग्रॅम, प्रोग्रॅमर लोक दिवसभर यातच बुडालेले असतात) तारिणीसाठी लावून दिला होता. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये (एडिटरने कसं वागायचं हे जिच्यात लिहिलेलं असतं ती फाइल) आईने एक नियम लिहिला होता. जी ओळ 'ताऱ्या' या शब्दाने सुरू होईल ती उचलायची आणि या खिडकीत दाखवायची. बाकीच्यांच्या घरातलं आपण वाचायचं नाही.

तारिणीला ताऱ्या म्हणणारी जगात एकच व्यक्ती होती. आणि ती अकरा दिवस गप्प होती.

"थालीपीठ गार होऊन त्याचं चामडं झालंय," आजोबा दारातून म्हणाले.

"भूक नाही."

"बरोबर. नखं खाऊन पोट भरलं असेल."

तारिणीने हात पटकन मांडीखाली घेतला. आजोबांची नजर आता अधू झाली होती, तरी अशा गोष्टी त्यांना नेमक्या दिसायच्या. आयुष्यभर त्यांनी देवनागरीचे फाँट (पडद्यावर दिसणारी अक्षरांची रूपं) तयार केले होते. बारीक बघायची सवय गेली नव्हती. ते खुर्ची ओढून शेजारी बसले.

"साडेतीन झालेत. पाचला सूर्य मधे येतोय, माहीत आहे ना?"

माहीत होतं. पृथ्वी सूर्याच्या या बाजूला, मंगळ बरोबर पलीकडे, आणि मधे सूर्य. त्याच्या अगदी जवळून जाणारे रेडिओ संदेश मोडतोड होऊन पोचतात, म्हणून पाच वाजल्यापासून सोळा दिवस दोन्हीकडून पाठवणं बंद ठेवणार होते.

"तू काय लिहिलंस तिला?"

"काही नाही. पहिले चार दिवस लिहिलं. मग ती लिहीत नाही तर मी का लिहू?"

"म्हणजे सात दिवस तीही म्हणत असेल, ही का लिहीत नाही."

"तिने आधी बंद केलं!"

"कशावरून?"

"खिडकी रिकामी आहे, आजोबा! दिसत नाही का तुम्हाला?"

"खिडकी रिकामी आहे, हे दिसतंय. आईने लिहिलं नाही, हे मला कुठे दिसत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेटिंग बंद करून एडिटर उघड. कोरा, पहिल्या दिवशी असतो तसा. मग कळेल, आईचा नियम बिघडलाय का दुसरं काही."

तारिणीचा हात हलेना.

"तसं उघडूनही काही निघालं नाही तर?" तिने हळूच विचारलं. "आत्ता निदान बिघाड असेल असं म्हणता येतं."

मुलांना 'काही नाही होत गं' म्हणणं सोपं असतं, पण मुलांना ते खोटं आहे हेही कळतं.

"हो, तसं होऊ शकतं," ते म्हणाले. "पण न बघता सोळा दिवस काढणं तुला जमेल का?"

तारिणीने एडिटर कोरा उघडला. आईने निवडलेले रंग गेले, आईने मोठं केलेलं अक्षर लहान झालं, आणि आजची फाइल सगळीच्या सगळी समोर आली. नऊ हजार ओळी. तिने शोधाच्या चौकटीत लिहिलं : ताऱ्या.

सापडलेल्या ओळी – ०.

तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. आकडा बदलला नाही.

"रडायचं असेल तर रड, पण हात चालू ठेव," आजोबा म्हणाले. "आता बारा दिवसांपूर्वीची फाइल उघड. जिच्यात आईची ओळ होती ती. तिच्यात शोध."

सापडलेल्या ओळी – १.

"म्हणजे शोधणारा ठीक आहे," तारिणी नाक ओढत म्हणाली. "नियमही ठीक आहे, कारण नियम बंद असतानासुद्धा आज शून्यच येतंय."

"मग संशय कुणावर राहिला?"

"आजच्या फाइलवर. नाहीतर... आईवर."

"आईला शेवटी ठेवू. आता प्रश्न छोटा कर. बिघाड शोधताना पूर्ण प्रश्न विचारून उत्तर येत नसेल तर अर्धा विचारायचा. नाव अर्धं कर."

"अर्धं म्हणजे?"

"नुसत्या 'ता'ने सुरू होणाऱ्या ओळी माग."

एक्केचाळीस ओळी आल्या. तापमान, तापमान, ताजी हवा, तापमान, ताण, तापमान. तारिणी बोटाने एकेक ओळ खाली सरकवत होती. तेविसाव्या ओळीवर बोट थांबलं.

"आजोबा."

"काय?"

"आजोबा, इथे मी आहे!"

ओळीच्या सुरुवातीला तिचं नाव होतं. ताऱ्या. एक काना इकडेतिकडे नाही. आणि वरच्या चौकटीत तिनेच लिहिलेला तोच शब्द घातला की एडिटर शांतपणे म्हणत होता, शून्य.

"खोटं बोलतोय हा," तारिणी म्हणाली. "नाव समोर आहे आणि म्हणतो नाही!"

"संगणकाला खोटं बोलता येत नाही. त्याला काहीतरी वेगळं दिसतंय, जे आपल्याला दिसत नाही. ओळ नंतर वाच. आधी तुझं नाव निवड, नुसतं नाव. खाली आकडा येतो तो सांग."

एडिटरच्या तळपट्टीवर निवडलेल्या चिन्हांची संख्या येत असे. "सात."

"आणि तू लिहिलेलं?"

तारिणीने चौकटीतला शब्द निवडला. "सहा... सहा कसे? एकच शब्द आहे!"

आजोबांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, हे तर माझंच पाप!"

"तुमचं?"

"ऐक. संगणकाला अक्षर कळत नाही, फक्त क्रमांक कळतात. प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक. त ला २३४०, कान्याला २३६६. आता मला सांग, दर्या आणि दऱ्या यांत फरक काय?"

"दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या."

"र आणि य दोन्हींत आहेत. मग त्या दऱ्यांमधला आडवा र संगणकाला कसा सांगायचा? त्याच्या दोन रीती पडल्या. एका रीतीत वेगळाच र आहे, २३५३ क्रमांकाचा. दुसऱ्या रीतीत साधा र, २३५२, मग पाय मोडायचा, २३८१, आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह (जागा न घेणारं, कधीच न दिसणारं, फक्त शेजारच्या अक्षरांना कसं जोडायचं ते सांगणारं चिन्ह). त्याचा क्रमांक ८२०५. कुठल्याही रीतीने लिहिलं तरी वाचणाऱ्याला एकसारखं दिसावं म्हणून आम्ही फाँटवाले इतके खपलो, इतके खपलो, की आता कुणालाच फरक दिसत नाही!"

तारिणीने एडिटरमधलं 'क्रमांक दाखव' चालू केलं.

तिचं : २३४० २३६६ २३५३ २३८१ २३५१ २३६६.

फाइलमधलं : २३४० २३६६ २३५२ २३८१ ८२०५ २३५१ २३६६.

"हा बघा! पाचवा!" तिने ८२०५ वर बोट ठेवलं.

"आता एडिटरला शिकव. आईच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ वाढव. शोधण्याआधी २३५२, २३८१, ८२०५ असे तीन ओळीने दिसले, की त्यांच्या जागी २३५३, २३८१ हे दोनच आहेत असं समज. मग नुसतं तुझं नाव नाही, कोऱ्या, साऱ्या, वाऱ्यावर, सगळे शब्द सापडतील."

तारिणीने मान हलवली. "नको. ती फाइल आईने लिहिलीये."

चौदा महिन्यांत तिने त्या फाइलमधला स्वल्पविरामसुद्धा हलवला नव्हता. एडिटरच्या कोपऱ्यात आईने लावलेलं घड्याळ तिला मुळीच आवडायचं नाही, तरी ते तसंच ठेवलं होतं. बाकी घरात आईचं सगळंच हळूहळू सरकलं होतं. ओढण्या घडी होऊन वरच्या कप्प्यात गेल्या, तेलाची बाटली संपली. ही फाइल तेवढी जशीच्या तशी होती.

"मग तिची एक प्रत काढून ठेव," आजोबा म्हणाले. "सेटिंग बदलण्याआधी सगळे शहाणे लोक प्रत काढतात. तुझी आईही काढायची. पण ताऱ्या—" ते थांबले. "माफ कर. तारिणी. तिने ही फाइल काचेच्या कपाटात ठेवायला नाही लिहिली. तुम्हा दोघींचं बोलणं चालू राहावं म्हणून लिहिली."

तारिणीने प्रत काढली. मग नियमाच्या खाली ओळ लिहिली, जतन केली, आणि गेल्या अकरा दिवसांच्या सगळ्या फाइली घेऊन एडिटर पुन्हा सेटिंगसकट उघडला.

लाल पट्टी आली. चूक : ओळ ३९.

"मोडलं! मी मोडलं ते!"

"ओरडू नको, वाच. एडिटर चूक दाखवतो ती रागावून नव्हे. त्याने जागा सांगितलीये. एकोणचाळिसावी ओळ कुणाची?"

"माझी." तिने पाहिलं. कंस उघडला होता, मिटवला नव्हता. तिने मिटवला. पुन्हा उघडला.

खिडकीच्या तळाशी आकडा बदलला. सापडलेल्या ओळी – ११.

पाचला वीस मिनिटं कमी होती. तारिणीने पहिल्यापासून वाचायला घेतलं, आजोबांना ऐकू जाईल इतक्या आवाजात.

ताऱ्या, जुन्या कीबोर्डच्या कळा अडकायला लागल्या म्हणून आजपासून दुसरा घेतलाय. याच्यावर तुझं नाव लिहायला एक कळ जास्त दाबावी लागते. दाबते.

ताऱ्या, दात पडला ना? कुठला, ते सांग. वरचा का खालचा?

ताऱ्या, आज इथे मेथी उगवली. चार पानं. आम्ही बारा जण.

सहाव्या ओळीपर्यंत तिचा आवाज बरा होता.

ताऱ्या, चार दिवस तुझी ओळ नाही. परीक्षा असेल.

ताऱ्या, ताप नाही ना आला? आजोबांना सांग, कपाळाला हात लावून बघायला.

आजची ओळ शेवटची होती. ताऱ्या, रागावली असशील तरी चालेल. रागावून लिही. पण पाचच्या आत लिही.

आजोबा उठून उगाचच पाणी आणायला गेले. तारिणीने डोळे बाहीने पुसले आणि टाइप करायला घेतलं. तिच्या बाजूने एका वेळी तीन ओळी जायच्या, जास्त नाही. तिने लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी झालं ते असं :

आई, दात वरचा. ताप नाही. राग होता, आता गेला.
तुझ्या नव्या कीबोर्डमुळे माझ्या नावात एक न दिसणारं चिन्ह आलंय, म्हणून तू सापडत नव्हतीस.
तू कीबोर्ड बदलू नकोस. तशीच लिही. मी एडिटर बदललाय.

चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी ओळी गेल्या.

"पोचायला सुमारे एकवीस मिनिटं," आजोबा म्हणाले. "सूर्याच्या कडेजवळून जातील."

"मोडतील का?"

"आज थोड्या खरखरतील. पण पाचच्या आतल्या पोचतात."

"आणि मग सोळा दिवस काही नाही."

"काही नाही. पण ती लिहीत राहील, आणि सतराव्या दिवशी सगळं एकदम येईल. तू पण लिहून ठेव. आणि नुसत्या ओळीच नको. असे न दिसणारे घोटाळे एडिटरने आपणहून ओळखून सांगावेत, असा नियम अजून कुणी धड लिहिलेला नाही. तुझ्याकडे सोळा दिवस आहेत."

तारिणी बाल्कनीत गेली. पश्चिमेला उन्हं कलली होती. आई त्याच दिशेला, सूर्याच्या बरोबर मागे.

"थेट बघू नको हं सूर्याकडे!" आजोबा आतून ओरडले.

"नाही बघत," ती म्हणाली. तिने डोळे घट्ट मिटले आणि तोंड उन्हाकडे केलं.